गच्चीवरची डिश आणि आग्नेयेचा उपग्रह

दूरदर्शनने जमिनीवरच्या मनोऱ्यांतून होणारे आपले ॲनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने आवरते घेतले आणि २०२२ पर्यंत, सीमाभागातील मोजकी केंद्रे सोडता, ते थांबवले. त्याबरोबर घराच्या छपरावर बांबूला किंवा लोखंडी नळीला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या अँटेनाचे कामही संपले. मुंबईकरांचा अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे आणि पुणेकरांचा सिंहगडाकडे तोंड करून असे, मनोरा आणि घर यांच्यामध्ये डोंगर आला की पडद्यावर मुंग्या येत, आणि त्यावर सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे नळी आणखी दोन हात वर चढवणे. उपग्रहावरून येणाऱ्या दूरचित्रवाणीला हा नियम लागू पडत नाही. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणाऱ्या लहरींच्या दृष्टीने डिश अंगणात असली काय आणि तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असली काय, सारखेच. आकाशाचा एक मोकळा तुकडा आणि त्या तुकड्यातील एका बिंदूकडे अंशाच्या काटेकोरपणाने वळवलेली डिश एवढेच पुरे असते. नवख्या माणसाचा वेळ वाया जातो तो बहुतेक वेळा उंची आणि कोन यांतला हा फरक ध्यानात न आल्यामुळे.

उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील वाहिन्या कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद करून पाठवलेल्या असतात आणि दर महिन्याला पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या सेट-टॉप बॉक्समध्येच त्यांचे कुलूप उघडते. दुसऱ्या वर्गातील वाहिन्या उघड्याच प्रसारित होतात आणि योग्य दिशेला डिश लावणाऱ्या कोणालाही त्या दिसतात, त्यासाठी ना नोंदणी लागते, ना मासिक शुल्क. या दुसऱ्या प्रकाराला ‘फ्री टू एअर’ म्हणतात, आणि भारतात तो घरोघरी पोचला तो प्रामुख्याने प्रसार भारतीच्या ‘डीडी फ्री डिश’ या सेवेमुळे. १६ डिसेंबर २००४ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या; आज ही संख्या शंभराच्या पुढे गेली आहे आणि चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा पाहिली जाते, असा या व्यवसायातील अंदाज आहे. थेट घरात येणाऱ्या उपग्रह प्रसारणावर १९९७ मध्ये बंदी घालणाऱ्या सरकारने २००० साली ती उठवली आणि त्यानंतर चारच वर्षांत सरकारी प्रसारणसंस्था स्वतःच छोटी डिश घेऊन बाजारात उतरली, हा या क्षेत्रातील धोरणबदलाचा वेग आजही थोडा नवलाचा वाटतो.

फ्री डिशच्या वाहिन्या सध्या जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ अग्निबाणाने तो अवकाशात नेला, आणि पूर्व रेखांश ९३.५ अंश हे त्याचे ठरलेले स्थान आहे. विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाला एक फेरी पूर्ण करण्यास पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा भासतो. अशा कक्षेला भूस्थिर कक्षा म्हणतात, आणि दळणवळणासाठी तिचा उपयोग करण्याची कल्पना आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ मध्येच मांडली होती. जीसॅट-१५ च्या पायाखालचा बिंदू निकोबार बेटांच्या सरळ दक्षिणेला, हिंदी महासागरात पडतो. मुंबईत वरळीला तयार झालेला सह्याद्री वाहिनीचा कार्यक्रम दिल्लीतील टोडापूरच्या केंद्रातून या उपग्रहाकडे चढवला जातो आणि तेथून परत साऱ्या देशावर उतरतो, म्हणजे वरळीहून ठाण्यास पोचण्यासाठी त्याला सत्तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो; प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरींना या चढउतारास सुमारे पाव सेकंद पुरतो.

उपग्रह एका जागी स्थिर आहे म्हणूनच डिश एकदा घट्ट आवळून विसरून जाता येते, मात्र उपग्रहच बदलला तर हा हिशेब मोडतो. डीडी डायरेक्ट प्लसची सुरुवात ९५ अंशांवरील एनएसएस-६ या उपग्रहावरून झाली होती, पुढे ती २००७ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-४बी वर, ९३.५ अंशांवर हलवण्यात आली, आणि त्या वेळी जुन्या प्रेक्षकांना डिश थोडी फिरवून घ्यावी लागली. इन्सॅट-४बी कडून जीसॅट-१५ कडे येताना स्थान तेच राहिल्याने डिशला हात लावण्याची गरज पडली नाही, फक्त बॉक्समध्ये वाहिन्यांचा शोध नव्याने घेणे पुरेसे ठरले. जीसॅट-१५ चे आयुर्मान बारा वर्षांचे गृहीत धरलेले आहे, त्यामुळे असा बदल आणखी एकदा होईल हे डिश बसवणाऱ्याने मनात ठेवावे आणि नट-बोल्टांना गंज चढू देऊ नये.

आकाशातील कोणत्याही बिंदूची जागा सांगण्यासाठी दोन कोन लागतात. उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत गेल्यावर तो बिंदू ज्या दिशेला येतो तो कोन म्हणजे दिगंश, आणि क्षितिजापासून तो जितका वर असतो तो कोन म्हणजे उन्नतांश. जीसॅट-१५ साठी हे कोन गणिताने काढल्यास मुंबईला दिगंश सुमारे १३१ आणि उन्नतांश सुमारे ५७.५ येतो, पुण्याला १३२ आणि ५९, नागपूरला १४४.५ आणि ६०, तर पणजीला १२७ आणि ६१. शुद्ध आग्नेय दिशा १३५ अंशांवर असते. म्हणजे कोकणपट्टीतील डिश आग्नेयेपेक्षा थोडी पूर्वेकडे आणि विदर्भातील डिश थोडी दक्षिणेकडे झुकलेली असायला हवी. गडचिरोलीच्या नातेवाइकाने सांगितलेली दिशा रत्नागिरीत जशीच्या तशी वापरणाऱ्याला उपग्रह सापडत नाही, याचे कारण एवढेच. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे साधे होकायंत्र किंवा मोबाइलमधील होकायंत्र पुरते. फक्त लोखंडी कठडा, पाण्याच्या टाकीचा सांगाडा किंवा खुद्द डिशची नळी जवळ असली की सुई भरकटते, म्हणून दिशा चार पावले दूर उभे राहून पाहावी आणि समोरच्या एखाद्या झाडाची किंवा इमारतीची खूण धरावी.

जागा निवडताना आकाशाचा हा तुकडा मोकळा आहे की नाही, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे असते. उपग्रह क्षितिजापासून बराच वर असल्याने भोवतालच्या इमारतींची धास्ती वाटते तितकी घेण्याचे कारण नाही: डिशपेक्षा दहा फूट उंच असलेली भिंत आग्नेयेला सात-आठ फुटांवर असली तरी लहरी तिच्यावरून सहज येतात. झाडाचे मात्र तसे नाही. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या फांद्यांतून चित्र येते आणि पावसाळ्यात ओल्या पानांनी तेच अडते, शिवाय आंबा किंवा नारळ वर्षागणिक वाढत राहतो.

निसर्गानेही या परीक्षेची एक सोय करून ठेवली आहे. वसंतसंपाताच्या आधी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि शरदसंपातानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, महाराष्ट्रातून पाहता सकाळी अकराच्या सुमारास सूर्य या उपग्रहाच्या नेमका मागे येतो. सूर्य स्वतःही रेडिओ लहरी फेकत असल्याने त्या काही मिनिटांत उपग्रहाचा क्षीण संदेश त्यांत बुडून जातो आणि सलग काही दिवस, त्याच वेळेला, चित्र तुटते; अनेक जण त्या वेळी मेकॅनिकला बोलावतात आणि तो येईपर्यंत चित्र आपोआप परतलेले असते. पण याच दिवसांचा उलटा उपयोग असा की, त्या वेळी ज्या जागी स्वच्छ ऊन पडते, झाडाची, टाकीची वा जिन्याच्या खोलीची सावली येत नाही, ती जागा डिशसाठी निर्धोक समजावी. होकायंत्र, कोनमापक आणि मोबाइलमधील ॲप या सर्वांपेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे, कारण तिच्यात उपकरणाची चूक शिरतच नाही.

साहित्य मोजकेच लागते आणि सारे मिळून साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास भागते. सुमारे साठ सेंटिमीटर व्यासाची डिश, तिच्या दांड्यावर पुढे बसवायचा एलएनबी, ७५ ओहमची आरजी-६ प्रकारची केबल, तिच्या टोकांना लावायचे एफ कनेक्टर आणि एक फ्री टू एअर सेट-टॉप बॉक्स, एवढ्यात काम होते. एखाद्या खासगी सेवेची बंद पडलेली डिश गच्चीवर असेल तर नवी घेण्याचीही गरज नाही, कारण डिश आणि एलएनबी कुठल्याही कंपनीचे असोत, ते लहरींत भेद करत नाहीत. कुलूप असते ते बॉक्समध्ये, म्हणून बॉक्स तेवढा नवा लागतो. मुंबईत ९५ अंशांवरील डिश टीव्हीसाठी लावलेली डिश दक्षिणेकडे जेमतेम दोन अंश वळवून किंचित वर उचलली की पुरे. ८३ अंशांवरील टाटा प्लेची डिश असेल तर ती पूर्वेकडे वीसेक अंश फिरवावी लागते आणि सात अंश खाली आणावी लागते. बी.आय.एस. या भारतीय मानक संस्थेने उपग्रहाचा ग्राहक अंतर्भूत असलेल्या दूरचित्रवाणी संचासाठी २०२२ मध्ये मानक ठरवून दिले आहे, त्यानुसार बनलेला संच घेतल्यास वेगळा बॉक्सही टळतो.

या साखळीत सर्वांत कमी समजला जाणारा आणि सर्वांत अधिक काम करणारा भाग म्हणजे एलएनबी. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी केयू बँड या पट्ट्यातील, म्हणजे ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात, आणि इतक्या उच्च वारंवारतेचा संदेश साध्या केबलमधून काही मीटर गेला तरी विरून जातो. म्हणून एलएनबी तो आधी वाढवतो आणि मग त्यातून स्वतःची एक ठरावीक वारंवारता वजा करून तो खालच्या पट्टीत आणतो. बाजारात मिळणाऱ्या ‘युनिव्हर्सल’ एलएनबीत ही वजा करायची वारंवारता ९७५० किंवा १०६०० मेगाहर्ट्झ असते. समजा उपग्रहाकडून ११०९० मेगाहर्ट्झचा संदेश आला, तर ९७५० वजा जाता केबलमधून बॉक्सकडे १३४० मेगाहर्ट्झचा संदेश उतरतो, आणि बॉक्स याच आकड्याला वाचून मूळ वारंवारता ओळखतो. बॉक्सच्या यादीत एलएनबीचा प्रकार चुकीचा निवडला गेला की ही वजाबाकी चुकते आणि डिश अगदी अचूक लागलेली असूनही एकही वाहिनी सापडत नाही. याच तारेतून उलट दिशेनेही देवाणघेवाण चालते: एलएनबीला लागणारी वीज बॉक्सच त्याच केबलमधून वर पाठवतो, १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरी घेतो आणि १८ व्होल्ट पाठवले की आडव्या. ध्रुवीकरण म्हणजे लहर कोणत्या प्रतलात हेलकावते ते. एकाच वारंवारतेवर दोन वेगळे संदेश पाठवण्याची ती युक्ती आहे.

केबलच्या टोकाला कनेक्टर लावण्याचे काम किरकोळ समजले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. वरचे आवरण सेंटिमीटरभर सोलून आतील तारांची जाळी मागे उलटवावी लागते, मधल्या तांब्याच्या तारेवरील पांढरा थर कापून ती कनेक्टरच्या कडेबाहेर तीन-चार मिलिमीटर राहील एवढी ठेवावी लागते, आणि जाळीचा केसाएवढा एखादा धागा जरी तांब्याच्या तारेला टेकला तरी एलएनबीकडे जाणारी वीज तेथेच जोडली जाऊन बॉक्स बंद पडतो किंवा निकामी होतो. म्हणून जोडणी करताना बॉक्सचा वीजपुरवठा काढून ठेवावा, हे सांगावे लागूच नये, पण लागते. केबल तीस मीटरच्या आत ठेवावी, मध्ये सांधे टाळावेत, आणि घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झुकता वेढा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न येता वेढ्याच्या तळाशी गळून जाते.

डिश उभी करताना गवंड्याचा ओळंबा हाताशी असणे फार उपयोगी पडते. ज्या नळीवर डिश बसते ती नळी अगदी उभी नसेल, तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना तिचा उन्नतांशही नकळत बदलत जातो आणि दोन्ही कोन एकाच वेळी हातातून निसटतात; भिंत उभी आहे म्हणून नळीही उभी असेलच, असे गृहीत धरता येत नाही. दुसरा फसवा भाग म्हणजे डिशचा आकार. घरगुती डिश ही मोठ्या वाडग्याच्या मधल्या भागाऐवजी त्याच्या एका कडेकडील तुकड्यासारखी घडवलेली असते, जेणेकरून एलएनबी लहरींच्या वाटेत येऊ नये. त्यामुळे ती ज्या दिशेला पाहत असल्यासारखी दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरच्या दिशेच्या लहरी एलएनबीवर गोळा करते. मुंबईत ५७.५ अंशांवरील उपग्रह धरणारी डिश डोळ्यांना जेमतेम ३०-३५ अंश वर तोंड केलेली दिसते, आणि हे ठाऊक नसलेला माणूस तिला आकाशाकडे आणखी उताणी करत बसतो. पाठीमागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा कोरलेल्या असतील तर त्यांत हा फरक बहुधा आधीच धरलेला असतो, म्हणून नजरेपेक्षा त्या खुणांवर विश्वास ठेवणे इष्ट.

शोधाचे काम येथून पुढे सुरू होते. बॉक्समध्ये उपग्रहाचे नाव, एलएनबीचा प्रकार, एलएनबीचा वीजपुरवठा चालू आणि एखाद्या वाहिनीसमूहाची वारंवारता व सिम्बॉल रेट, म्हणजे दर सेकंदाला येणाऱ्या संकेतांची संख्या, भरली की पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात: एक सिग्नलच्या ताकदीची आणि दुसरी गुणवत्तेची. यांतील पहिली जवळजवळ निरुपयोगी आहे. एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी वर चढते, मग डिश ढगाकडे असो वा शेजाऱ्याच्या भिंतीकडे, कारण एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही ती ताकद म्हणूनच मोजते. दुसरी पट्टी मात्र बॉक्सला त्या गोंगाटातून खरा संदेश ओळखता आला तरच हलते, आणि ती शून्यावर असेपर्यंत पहिली नव्वद टक्के दाखवत असली तरी हर्षभरित होण्याचे कारण नाही.

साठ सेंटिमीटरची डिश या वारंवारतेवर आकाशाचा सुमारे तीन अंश रुंदीचा भाग एका वेळी पाहते, आणि शेजारच्या उपग्रहाचे अंतर दीड अंशही असू शकते, यावरून लागणाऱ्या नेमकेपणाची कल्पना येईल. दीड इंची नळीवर डिशची पकड एक अंश फिरली तर नळीच्या पृष्ठभागावर ती सरकते फक्त एक तृतीयांश मिलिमीटर, आणि डिशच्या कडेला हेच सरकणे पाच मिलिमीटर दिसते. म्हणून पकड हातात धरून हिसके देण्यापेक्षा डिशची कड बोटांनी लोटावी, तेवढ्या हालचालीनंतर दोन-तीन सेकंद थांबावे, कारण बॉक्सला संदेश ओळखून पट्टी वर नेण्यास तेवढा अवधी लागतो, आणि मगच पुढे सरकावे. जे घाईने सरासर फिरवतात ते उपग्रहावरून अनेकदा जाऊन येतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. उन्नतांश पट्टीवरील खुणेला बांधून ठेवून आधी आडवी झाडणी पूर्ण करावी, काही न सापडल्यास उन्नतांश एक अंश बदलून पुन्हा तीच झाडणी करावी, या शिस्तीने गेलेल्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ सहसा लागत नाही. गुणवत्तेची पट्टी उठली तरी वाहिन्यांचा शोध घेऊन यादी पाहावी, कारण शेजारच्या उपग्रहावरील कुलूपबंद वाहिन्यांचीच यादी पुढ्यात येणे हा नवशिक्याला हमखास येणारा अनुभव आहे. योग्य उपग्रह मिळाल्यावर एलएनबी त्याच्या खोबणीत थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे पिळून गुणवत्ता कुठे सर्वाधिक होते ते पाहावे. लहरींचे ध्रुवीकरण आणि एलएनबीची बैठक यांचा मेळ जमला की पट्टी आणखी काही टक्के चढते. शेवटी नट आवळताना डिश पुन्हा हलते, म्हणून दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून, एक-एक पीळ देत आणि पट्टीवर लक्ष ठेवत आवळावेत.

चित्र दिसू लागल्यावर आणखी दहा मिनिटे खर्चून गुणवत्ता वाढवण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उन्हाळ्यात पडतो आणि आषाढात त्याचे उत्तर मिळते. केयू बँडच्या लहरीची लांबी २.७ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मुसळधार पावसाचे थेंब ती शोषून व विखरून टाकतात. केबलचालकांच्या सहा-आठ फुटी डिश ज्या सी बँडवर चालत त्याच्या लहरी जवळपास तिप्पट लांब असल्याने पावसाला त्या फारशा दाद देत नसत, पण त्या घेण्यासाठी डिशही तेवढी मोठी लागे. डिजिटल चित्र जुन्या चित्रासारखे हळूहळू धूसर होत नाही. संदेश ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत ते निर्दोष असते, मर्यादेवर आले की चौकोनी तुकड्यांत फुटते, आणि खाली गेले की पडदा काळा होतो. म्हणजे कोरड्या दिवशी ५० टक्के आणि ८० टक्के गुणवत्तेच्या चित्रांत डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, तो दिसतो पाऊस सुरू झाल्यावर, कारण त्या शिलकीवरच सर निभावून न्यायची असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची डिश घेणे शहाणपणाचे ठरते, फक्त ती वाऱ्याला अधिक तोंड देते आणि मोठ्या डिशचा झोत आणखी अरुंद असल्याने ती लावण्यास अधिक नेमकेपणा लागतो. किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने एलएनबीच्या कनेक्टरमध्ये गंज शिरतो. तेथे रबरी टोपी आणि त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे हा काही रुपयांचा खर्च आहे.

डिश लागली तरी पुढ्यात येणारी यादी कायमची नसते, याची कल्पना असलेली बरी. प्रसार भारती आपल्या स्वतःच्या वाहिन्या वगळता उरलेल्या जागा खासगी प्रसारकांना ई-लिलावाने देते, आणि प्रेक्षकाऐवजी प्रसारकच पैसे मोजत असल्याने कोण राहायचे आणि कोण जायचे, हे जाहिरातींच्या हिशेबावर ठरते. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दररचना लागू झाली, पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर असे मूळ शुल्क सशुल्क सेवांना ठरवून दिले गेले, आणि त्याच सुमारास, १ मार्च २०१९ पासून, स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या लोकप्रिय हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून निघून गेल्या. २०२० मध्ये त्या परतल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा बाहेर पडल्या. मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला दूरदर्शनची सह्याद्री ही कायमची वाहिनी येते आणि ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ यांसारख्या खासगी वाहिन्या त्या-त्या काळातील लिलावानुसार दिसतात. मोठ्या मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या चालू मालिका मात्र येथे मिळत नाहीत, आणि त्यांच्याच आशेने डिश लावणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. यादी बदलली की बॉक्स स्वतःहून सांगत नाही, जुन्या क्रमांकावर फक्त काळा पडदा दिसतो, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी, आणि एप्रिलच्या आरंभी तर अवश्य, वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा. यादीतील काही वाहिन्या एमपेग-४ या नव्या संक्षेपण पद्धतीने येतात, आणि केवळ एमपेग-२ वाचणाऱ्या जुन्या बॉक्सवर त्या उमटत नाहीत. नवा बॉक्स घेताना दुकानदाराला एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरतो.

याच उपग्रहावर, याच डिशने मिळणारा आणि बहुतेक घरांत न उघडलेला एक विभाग शैक्षणिक वाहिन्यांचा आहे. ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयंप्रभा’ या ३२ शैक्षणिक वाहिन्यांच्या समूहाचे उद्घाटन झाले, आणि करोनाकाळात सुरू झालेल्या ‘पीएम ई-विद्या’मुळे त्यात शालेय वाहिन्यांची भर पडली. गांधीनगरच्या बायसॅग-एन या संस्थेतून त्या जीसॅट-१५ कडे चढवल्या जातात आणि त्यांचे वाहिनीसमूह फ्री डिशच्या समूहांहून वेगळे असल्याने केवळ फ्री डिशच्या ठरावीक वारंवारता शोधणारा बॉक्स त्यांना ओलांडून पुढे जातो. त्यासाठी बॉक्सच्या यादीत ‘ब्लाइंड स्कॅन’ हा पर्याय निवडावा लागतो, म्हणजे बॉक्स कोणत्याही ठरावीक यादीवर न थांबता उपग्रहाचा सारा पट्टा वारंवारतेगणिक चाळून काढतो. त्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात, आणि शोध संपेपर्यंत रिमोटला हात न लावणे एवढेच पथ्य असते.